एलेओनोराचा झगा : एका चित्राची झडती

चित्रासमोर उभं राहिलं की आधी चेहरा दिसत नाही, कापड दिसतं. पांढऱ्या रेशमावर काळ्या मखमलीच्या वेली आणि वेलींच्या मधून सोन्याची जर. तीही सपाट विणलेली नाही. जरीचे बारीक वेटोळे कापडाच्या वर उभे राहिलेत, टर्किश टॉवेलावर सूत उभं असतं तसे. छातीच्या बरोबर मध्यावर डाळिंबाची मोठी बुट्टी. हात लावला तर बोटाला खरखर लागेल असं वाटतं. मग नजर वर जाते. तिथे एक बाई बसलेली असते. ती आपल्याकडे बघते खरी, पण आपली दखल घेत नाही.

ही एलेओनोरा दि तोलेदो, फ्लॉरेन्सची डचेस. शेजारी उभा आहे तिचा मुलगा जोव्हानी. चित्रकार ब्रॉन्झिनो, साल १५४५, लाकडी फळीवर तैलरंग, आकार ११५ बाय ९६ सेंटिमीटर. आज ते फ्लॉरेन्सच्याच उफ्फिझी संग्रहालयात आहे.

प्रबोधनकाळातल्या खानदानी बायकांच्या चित्रांवर बोलायची एक ठरलेली रीत आहे. प्रतीकांची यादी वाचायची : डाळिंब म्हणजे संतती, मोती म्हणजे शुचिता, निळा म्हणजे येशूची आई मेरी. वर्षानुवर्षं वर्गात मीही हीच यादी वाचली. ती चूक नाही, पण तिच्यात एक गफलत आहे. अशी यादी कुठल्याही चित्राला लागू पडते, आणि म्हणूनच ती या एका चित्राबद्दल फारसं काही सांगत नाही. म्हणून इथे उलट बाजूने जातो. आधी किंमत बघू, ती कोणाला परवडत होती ते बघू, कोणाला मनाई होती ते बघू. अर्थ त्याच्या मागोमाग येईल.

नवरा कोण होता

१५३७ च्या जानेवारीत फ्लॉरेन्सचा पहिला ड्यूक अलेस्सांद्रो मेदिची याचा त्याच्याच भाऊबंदाने खून केला. गादीला सरळ वारस नव्हता. धाकट्या पातीतला सतरा वर्षांचा कॉझिमो पुढे आणला गेला. आणणाऱ्यांचा हिशेब असा की पोरगा आपल्या मुठीत राहील. तो हिशेब काही महिन्यांतच साफ चुकला, ती वेगळी गोष्ट.

कॉझिमोची खरी अडचण अधिकाराची होती. फ्लॉरेन्स कालपरवापर्यंत प्रजासत्ताक होतं. गावातल्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या लेखी मेदिची म्हणजे आपल्यातलेच एक सावकार. ड्यूक हा किताबच तिथे नवा, आणि तो टिकायचा तर स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याची मर्जी हवी. कॉझिमोने चार्ल्सची मुलगी, म्हणजे खून झालेल्या अलेस्सांद्रोची विधवा मार्गारेट, हिला मागणी घातली. सम्राटाने नकार दिला. मग दुसरं स्थळ आलं : सम्राटाचा नेपल्सचा व्हाइसरॉय दोन पेद्रो दे तोलेदो याची मुलगी. १५३९ मध्ये लग्न झालं. नवरी सतरा वर्षांची. घराणं स्पेनमधल्या अल्बाच्या ड्यूकांचं, मेदिचींपेक्षा कितीतरी जुनं आणि उच्च.

म्हणजे या घरात खानदान नवऱ्याकडून आलं नाही, बायकोकडून आलं. चित्र वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही. आपण सवयीने म्हणतो की नवऱ्याने बायकोला दागिन्यांनी मढवून आपला तोरा मिरवला. इथे नवऱ्याला तोरा मिरवायला तीच लागत होती. लग्नानंतर चार वर्षं सम्राटाच्या फौजा फ्लॉरेन्सच्या किल्ल्यांत तळ देऊन होत्या. १५४३ मध्ये कॉझिमोने मोठी रक्कम मोजून किल्ले सोडवले. चित्र त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

गावाचं आणि तिचं मात्र जमलं नाही. तिच्याभोवती स्पॅनिश लोकांचा गोतावळा, तिचा पत्रव्यवहार बराचसा स्पॅनिशमध्ये, धर्माचार स्पॅनिश वळणाचा. लोकांना ती परकी आणि मानी वाटायची. मानी ती असावीही. कॉझिमो बाहेरगावी गेला की १५४१ आणि १५४३ मध्ये कारभार तिच्या हाती होता. जमिनी घेणं, धान्याचा व्यापार करणं हे ती स्वतः बघे. १५४९ मध्ये तिने नदीपलीकडचा पित्ती घराण्याचा अर्धवट राहिलेला वाडा आपल्या पैशाने विकत घेतला.

निळ्याचा हिशेब

चित्रातल्या तीन महागड्या गोष्टींपैकी एक सहज नजरेतून सुटते, कारण ती मागे आहे. ती म्हणजे निळी पार्श्वभूमी.

हा निळा लाजवर्दाचा, म्हणजे लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचा. दगड यायचा बदख्शानच्या डोंगरांतून, आजच्या अफगाणिस्तानातून. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही लाजवर्दाचा निळा सापडला आहे, ब्रॉन्झिनोच्या हजारेक वर्षं आधीचा. दगड नुसता दळून भागत नाही, करडी माती हाती येते. भुकटी मेण, राळ आणि तेलात घालून कणकेसारखा गोळा मळायचा, तो काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या खाऱ्या पाण्यात दाबत राहायचा. पहिल्या पाण्यात उतरतो तो उत्तम निळा, पुढच्या पाण्यांत फिकट, शेवटी राखाडी. चित्रकाराशी करार करताना लोक निळ्याची प्रतसुद्धा लिहून घ्यायचे. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्याच अनाथालयाने चित्रकार गिर्लांदायोशी केलेल्या करारात औंसाला चार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचाच निळा वापरावा असं कलम आहे.

आणि इथे त्या निळ्याने मेरीचा झगा रंगवलेला नाही, नुसती मागची जागा भरली आहे. १५४५ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉन्झिनो पोज्जो आ कायानो इथल्या मेदिचींच्या वाड्यात काम करत होता. तिथून त्याने दरबाराचा कारभारी रिच्चो याला पत्र घातलं : निळा आणखी पाठवा, पार्श्वभूमी मोठी आहे आणि ती गडद हवी आहे. पत्र रोकड्या कामाचं आहे, त्यात सौंदर्याविषयी एक अक्षर नाही. मला ते फार आवडतं. चित्रकार उधळपट्टी करतोय ती मालकाच्या माहितीने आणि मालकाच्या खात्यावर.

आता चित्र पुन्हा बघा. हा निळा सगळीकडे सारखा नाही. कडांना तो रात्रीसारखा गडद आहे, पण तिच्या डोक्याभोवती उजळत जातो. वर्तुळ काढलेलं नाही, सोनेरी रेघ नाही, तरी डोक्यामागे उजेड आहे. शेजारी मूल आहे. फ्लॉरेन्समध्ये जन्मभर देवळांतली चित्रं बघितलेल्या माणसाला इथे कोण आठवेल हे सांगायला नको. पण ब्रॉन्झिनो तिला मेरी म्हणत नाही, म्हणाला असता तर बोभाटा झाला असता. जिथे नाकारता येईल तिथेच तो थांबतो. दरबारी चित्रकाराचं खरं कसब ते.

मोत्यांची भानगड

गळ्यालगत मोत्यांचा एक सर, चिंचपेटीसारखा घट्ट, त्याला मोठा चौकोनी हिरा आणि खाली थेंबासारखा मोती. दुसरा लांब सर छातीवर रुळतो. कानांत मोती. केसांवर सोन्याची जाळी आणि खांद्यांवर तशीच जाळी, तिच्या गाठीगाठीत मोती. कमरेला रत्नजडित सोन्याचा पट्टा, त्याच्या टोकाला बारीक मोत्यांचा गोंडा.

मोती म्हणजे शुचिता, हे पाठ्यपुस्तकी उत्तर. पण एलेओनोराच्या मोत्यांबद्दल आपल्याकडे एक साक्षीदार आहे, आणि त्याला शुचितेशी काही देणंघेणं नव्हतं. सोनार आणि शिल्पकार चेल्लिनी या दरबारात होता. आत्मचरित्रात त्याने एक किस्सा लिहून ठेवला आहे, चित्रानंतरच्या काळातला. डचेसला मोत्यांचा एक सर भरला होता, सौदा सहा हजार स्कुदींचा. तिने चेल्लिनीला गाठलं : ड्यूकसमोर याची भरपूर तारीफ कर. चेल्लिनीने आधी तोंडदेखली तारीफ केली. मग ड्यूकने खरं काय ते सांग म्हटल्यावर त्याने सांगून टाकलं की माल त्या किमतीचा नाही. वर ज्ञानही दिलं : मोती म्हणजे माशाचं हाड, काळाने झिजतं. घ्यायचेच तर हिरे-माणकं घ्या, ती म्हातारी होत नाहीत. डचेस भडकली. शेवटी एका दलालाने ड्यूकसमोर विदूषकी केली, गाल फुगवून थपडा खाल्ल्या आणि सर गळ्यात मारलाच.

चेल्लिनी फुशारक्या मारण्यात पटाईत, त्याची प्रत्येक गोष्ट थोडी वजा करूनच घ्यावी. तरी एक गोष्ट कळते. मोती या दरबारात वादाचा, हट्टाचा, दलालीचा विषय होता. चित्रात मोती इतके शांत, इतके एकसारखे गोल दिसतात की त्यामागची ही घासाघीस मनात येत नाही. दागिन्यामागचा व्यवहार दिसेनासा होतो आणि दागिना जन्मतःच अंगावर असल्यासारखा वाटतो. नवश्रीमंत घराण्याला नेमकं हेच हवं असतं.

कापड

आता झगा. खरं प्रकरण हेच आहे.

चित्रानंतर एक वर्षाने, १५४६ मध्ये, कॉझिमोने फ्लॉरेन्सच्या नागरिकांसाठी पोशाख आणि दागिन्यांवर निर्बंध घालणारा कायदा काढला. गावात असे कायदे पूर्वीपासून होते, कधी कडक, कधी सैल. आता ते ड्यूकच्या नावाने आले. सोन्याचं कापड, मोती, रत्नं यांवर मर्यादा, आणि ड्यूकच्या घरच्यांना त्या लागू नाहीत. म्हणजे एखाद्या श्रीमंत रेशीम व्यापाऱ्याच्या बायकोने या चित्रासमोर उभं राहावं, कापडाची पारख तिला इतर कोणाहून अधिक, कदाचित तिच्या घरचे मागसुद्धा असलं कापड विणणारे, आणि ते अंगावर घालायला मात्र तिला बंदी. तिला डाळिंबाचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डाळिंबाबद्दल थोडं थांबतो, कारण इथे लोक फार वाहवतात. फळ दाण्यांनी भरलेलं म्हणून वंशवृद्धी. ग्रानाडा (स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच डाळिंब) जिंकल्यावर स्पेनच्या राजचिन्हात डाळिंब आलं, म्हणून माहेरची खूण. पुनरुत्थान, धर्मसंस्थेची एकी, असंही बरंच काही. पण डाळिंबाची नक्षी त्याआधी शंभर वर्षं इटलीच्या मखमलींवर सर्रास होती. पुरोहितांच्या झग्यांवर, पडद्यांवर, कोणाच्याही अंगावर. नक्षी असणं हा पुरावा होत नाही. पुरावा आहे तो तिच्या जागेत. इतकी मोठी बुट्टी, अखंड, दोन्ही बाजूंना तोल साधून, बरोबर उरावर. शिंप्याच्या कात्रीत ती अशी सापडायला नशीब लागतं, किंवा मग चित्रकाराने ती तिथे ठेवलेली असते. संततीचा अर्थ तिला नको होता असंही नाही. तिचं स्वतःचं बोधचिन्ह होतं पंखाखाली पिल्लं घेतलेली लांडोर, आणि बोधवाक्याचा आशय होता लज्जेसह आनंदाची भरभरून संतती.

कापड नीट बघितलं तर आणखी एक गोष्ट खटकते. बाई बसलेली आहे. बसल्यावर इतक्या जड कापडाला चुण्या पडतात, नक्षी मुडपते, तुटते. इथे ती बहुतेक ठिकाणी सपाट, पुरीच्या पुरी दिसते, दुकानात गादीवर उलगडून दाखवलेल्या शालूसारखी. त्यावरून काही अभ्यासकांनी म्हटलं आहे की ब्रॉन्झिनोसमोर शिवलेला झगा नव्हताच, कापडाचा तुकडा होता, आणि त्यावरून त्याने झगा रचला. तिच्या वस्त्रागाराचे हिशेब बारकाईने ठेवलेले आहेत, त्यांतल्या नोंदींशी हा झगा जुळवता आलेला नाही, हेही त्यांचं एक कारण. मला हा तर्क पटतो. त्याने चित्राची किंमत कमी होत नाही. उलट, चित्रात जे आहे ते तिने अमक्या दिवशी घातलेले कपडे नव्हेत, तिने कोण दिसावं याचा ठराव आहे.

आणि सोनं? चित्रात सोन्याचा वर्ख नाही. एक शतक आधी चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या आल्बेर्तीने लिहून ठेवलं होतं की खरं सोनं चिकटवण्यापेक्षा नुसत्या रंगांनी सोन्याची झळाळी आणणाऱ्याला जास्त मान द्यावा. ब्रॉन्झिनोने पिवळ्या आणि तपकिरी ठिपक्यांनी ते वेटोळे उभे केले आहेत. मोठं करून बघितलं तर प्रत्येक वेटोळ्याच्या माथ्यावर उजेडाचा एक कण आणि बुडाशी सावलीचा एक कण, बस्स. दागिने आणि कापड महाग, निळाही महाग, पण झग्यातलं सोनं मात्र हाताच्या कसबाचं.

पोर

मुलगा दोन वर्षांच्या आतबाहेरचा. जोव्हानीचा जन्म सप्टेंबर १५४३ चा. तो थोरला नाही. वारस होता फ्रान्चेस्को, १५४१ चा. मग चित्रात धाकटा का?

नाव बघा. जोव्हानी हे कॉझिमोच्या वडिलांचं नाव, काळ्या पट्ट्यांवाला सेनानी जोव्हानी. ज्या पोपने मेदिचींना पुन्हा वर काढलं त्या दहाव्या लिओचं मूळ नावही जोव्हानीच. थोरला गादीला, धाकटा धर्मसंस्थेला, ही त्या घराण्याची जुनी वाटणी. पुढे झालंही तसंच : १५६० मध्ये, सतराही पुरे नसताना, जोव्हानी कार्डिनल झाला. माझ्या मते मुद्दा आणखी सोपा आहे. एका मुलाने वारस मिळतो, दोन मुलांनी घराणं मिळतं. दुसरा मुलगा दाखवणं म्हणजे पहिला आहेच, हे न बोलता सांगणं.

आकडे मांडले की हे जरा अंगावर येतं. १५४० मध्ये मारिया, १५४१ मध्ये फ्रान्चेस्को, १५४२ मध्ये इझाबेल्ला, १५४३ मध्ये जोव्हानी, १५४५ च्या फेब्रुवारीत लुक्रेत्सिया. ब्रॉन्झिनोने निळा मागवला तेव्हा एलेओनोरा तेवीस वर्षांची होती आणि पाचवी बाळंत होऊन तिला सहा महिने झाले होते. पुढे एकूण अकरा मुलं. त्या देहाचा मागमूस चित्रात नाही. कापड ताठ, पोट सपाट, कंबर मोजून-मापून बांधलेली. भरभराटीची सगळी जबाबदारी डाळिंबावर टाकली आहे.

तिचा उजवा हात पोराच्या खांद्यावर आहे. त्यात माया शोधणारे शोधतात. मला तो हात दाखवणारा वाटतो, धरणारा नाही. दुसरा हात मांडीवर, बोटं लांब आणि रिकामी.

घराणं खरंच टिकलं, पण या पोरामुळे नाही. टिकवलं १५४९ मध्ये जन्मलेल्या फेर्दिनांदोने, ज्याचा चित्राच्या वेळी पत्ताही नव्हता. त्याच शाखेतला एलेओनोराचा खापरपणतू म्हणजे तिसरा कॉझिमो. जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये गेलात तर सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीखाली संगमरवर आणि रंगीत दगडांचा जो चौथरा दिसतो तो त्याने पाठवलेला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवलेला. १६९८ मध्ये तो तिथे बसवला गेला. दुर्मिळ दगड आणून आपलं नाव दूरवर बसवायची ही खोड घरातली होती.

मी चुकलो ते

या चित्राची एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना रंगवून सांगत असे. १५६२ च्या अखेरीस मेदिची कुटुंब किनाऱ्याकडे प्रवासाला निघालं आणि मलेरियाने गाठलं. २० नोव्हेंबरला जोव्हानी गेला, हाच चित्रातला, एकोणीस वर्षांचा. १२ डिसेंबरला धाकटा गार्त्सिया. १७ डिसेंबरला एलेओनोरा. गावात अफवा उठली की एका भावाने दुसऱ्याला भोसकलं आणि बापाने त्याला. मेदिचींच्या वैऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. आणि मग माझं भरतवाक्य : तिला याच झग्यात पुरलं, जगातला सर्वांत प्रसिद्ध झगा तिच्याबरोबर मातीत गेला.

गोष्ट माझी नव्हती. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमधल्या मेदिचींच्या कबरी १८५७ मध्ये उघडल्या गेल्या, तिथून पुढे पुस्तकापुस्तकांतून ती फिरत आली. मग कबरीतल्या कपड्यांच्या चिंध्या १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं खपून तज्ज्ञांनी धुतल्या, उलगडल्या, धाग्याला धागा लावून जोडल्या. निघाला तो वेगळाच पोशाख : पांढऱ्या सॅटिनचा, गडद मखमलीच्या पट्ट्यांवर सोनेरी भरतकाम केलेला, त्याखाली लाल मखमलीची चोळी, पायांत विणलेले लाल रेशमी मोजे. चांगला, उंची पोशाख. डाळिंब मात्र त्यात कुठेही नाही.

हे कळल्यावर मी थोडा खट्टू झालो, नाही म्हणत नाही. गोष्ट छान होती. पण तीच यादीची खोड होती, चित्रातलं सगळं बाहेरच्या जगात जसंच्या तसं सापडायला हवं ही. तो चित्रातला झगा कुठल्या पेटीत नव्हता आणि कुठल्या कबरीतही नाही. तो त्या फळीवरच आहे, आणि तिथून त्याची छाप बाहेर पडली. ब्रॉन्झिनोच्या कार्यशाळेतून तिच्या चित्राच्या आवृत्त्या निघाल्या. नवरा-बायकोचे चेहरे दरबारादरबारांत धाडणं हे त्या काळचं राजकारणच होतं.

कबरीतला पोशाख आता पित्ती वाड्यातल्या वेशभूषेच्या संग्रहालयात आहे, म्हणजे तिने स्वतः विकत घेतलेल्या घरात. उजेड मंद ठेवलेला असतो, कारण रेशीम आणखी उजेड सोसणार नाही. पांढरं सॅटिन चहाच्या डागासारखं तपकिरी झालंय, जागोजागी विरलंय. मोज्यांचा लाल अजून ओळखू येतो.